काटा सायाळीचाच, निर्वाळा माझा

सायाळीचा तो काटा मीच आणला होता. दारव्ह्याला वहिनीच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या वरच्या पट्टीवर, तो मीच ठेवला होता. पुढे तो सापडला तेव्हा वहिनीने व्हिडिओ कॉल लावून मला दाखवला आणि विचारलं, "भाऊजी, हा सायाळीचाच नं?" तेव्हा चष्मा कपाळावर चढवून, डोळे पडद्याला लावून, "हो, सायाळीचाच," असा निर्वाळाही मीच दिला. तो माझा आहे, एवढं मात्र सांगितलं नाही. त्यामुळे शेजारच्या एका बाईची जन्माची मैत्री तुटायची वेळ आली आणि तिला कित्येक महिने कळेना की तिचं चुकलं काय.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात असं मानतात की ज्या घरात सायाळीचा काटा असतो त्या घरात भांडणं लागतात. कुणाचं घर फोडायचं असेल तर काटा नेऊन त्याच्या घरात लपवतात, असंही म्हणतात. मी हे मानत नाही. मी इंजिनिअर आहे. मानणाऱ्या माणसाने काटा घरात आणलाच नसता, त्यामुळे पुढचा सगळा घोळ व्हायला माझ्यासारखा न मानणाराच लागत होता.

मी सूतगिरणीच्या यंत्रांचा माणूस. काही वर्षांसाठी मला कंपनीने इटलीला पाठवलं. फ्लोरेन्सच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे, तिथे कारखाना होता. बायकोची नोकरी नागपुरात, मुलीचं बारावीचं वर्ष, म्हणून मी एकटाच गेलो. परदेश म्हणजे उंच इमारती आणि झगमगाट अशी माझी समजूत. प्रत्यक्षात मिळालं ते आपल्या राळेगावपेक्षाही लहान गाव. एक चर्च, एक बेकरी, एक औषधाचं दुकान आणि एक बस, जी चुकली की थेट दुसऱ्या दिवशी. एसटीवर वाढलेल्या माणसाला बसचं काही वाटलं नाही. जड जायचा तो रविवार.

कारखान्यातले लोक सोमवारी विचारायचे, रविवारी काय केलं, तुझा छंद कोणता? या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात फक्त नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं: वाचन व प्रवास. दोन्ही खोटं. तिथे खोटं चालेना, कारण ते लगेच पुढचं विचारत, कोणतं पुस्तक? म्हणून मी चालणं हा छंद घेतला. त्यात काही यावं लागत नाही असा माझा अंदाज होता. तोही चुकला. चालायला आधी जाड तळव्याचे बूट लागले, मग टोपी, मग पाठीवरची पिशवी, मग दोन्ही हातांत धरायच्या दोन काठ्या. मी सगळं अंगावर चढवून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, त्याचा लगेच फोन.

"अबे, दोन काठ्या कायले? एका पायानं लंगडा झाला का दोन्ही?"

"दादा, इकडे सगळे असंच चालतात. गुडघ्यांवरचा भार कमी होतो."

"भार कमी कराचा असंन तं वजन कमी कर. काठीचा खर्च वाचते."

पण मला छंद लागला खरा. गावाच्या वर चेस्टनटचं रान होतं, त्यात पायवाटा होत्या. तिथे हरणं दिसत, कोल्हा दिसे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला काजवे दिसत, आणि रानडुकरं तर विचारू नका. आमच्याकडचे शेतकरी ज्या रानडुकरांच्या नावाने बोटं मोडतात, त्यांना मी तिकडे दुर्बिणीतून पाहत होतो आणि वर त्यांची माहिती ग्रुपवर टाकत होतो. टिपेश्वरचा वाघ पाहायला कुठून कुठून लोक यवतमाळात येतात. मी जन्माने इथला, पण टिपेश्वरला कधी गेलो नाही. जंगल माझ्या घरापासून गाडीच्या अंतरावर होतं तोवर मला त्यात काही विशेष दिसलं नव्हतं.

ग्रुपवर माझ्या फोटोंना नातेवाईक हात जोडलेली चित्रं पाठवत. खरा प्रश्न एकट्या वहिनीचा असे.

"डुकरं तिकडंही वावरात घुसतात का हो भाऊजी?"

"घुसतात की."

"मग तिथले लोक काय करतात?"

"फोटो काढतात," मी अभिमानाने सांगितलं.

"अन् पीक कोण राखते?"

याचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी विषय बदलला.

एका पायवाटेवर मला पहिला काटा सापडला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, पेन्सिलीएवढा लांब, टोकाला सुईसारखा. त्या रानात सायाळी होत्या. पुढे एकदा गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडणारी सायाळही पाहिली, पाठीवरचा सगळा भाता खुळखुळवत चाललेली. मी काटे वेचायला लागलो. लोक तिकिटं जमवतात तसे मी काटे जमवले आणि टेबलावर काचेच्या पेल्यात उभे करून ठेवले. डुक्कर, कोल्हा, काजवे, सगळ्यांचे फोटो ग्रुपवर गेले. काट्यांचा गेला नाही. लहानपणी शाळेतून एक काटा घरी आणला होता, तेव्हा आईने तो दूर फेकून यायला लावला आणि दारातच हातपाय धुवायला लावले होते. ते आठवलं आणि बोट थांबलं. मी मानत नाही, पण फोटो टाकला नाही. माझी विज्ञाननिष्ठा एवढ्याच ताकदीची होती.

छंदानंतर मला वस्तूंचं वेड लागलं. घरातल्या प्रत्येक सोयीचं मला कौतुक वाटे आणि ते मी फोनवरून दारव्ह्याला ऐकवत असे. तिथे भांडी धुण्याच्या सिंकच्या वर भिंतीतलं कपाट असतं, त्याला तळ नसतो. धुतलेल्या ताटल्या आत उभ्या करायच्या, पाणी आपोआप खाली सिंकमध्ये. मी वहिनीला हे तीनदा समजावलं. ती शेवटी म्हणाली, "आपल्याकडं भिंतीले मांडणी आहे नं, तेच ते. फक्त तुमच्या तिकडं तिले दार आहे." कपडे वाळवायच्या घडीच्या स्टँडबद्दल बोललो, तर दादा मागून ओरडला, "त्याले सांग, आमच्याकडं दोरी आहे अन् ऊन आहे." पण एका वस्तूपुढे मात्र हे दोघंही निरुत्तर होतील अशी माझी खात्री होती. ती म्हणजे टोमॅटोचं यंत्र.

माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. ऑगस्टमध्ये तिने मला खूण करून खाली बोलावलं. अंगणात टोमॅटोच्या पेट्या रचलेल्या, मोठ्या पातेल्यात टोमॅटो उकळत होते, आणि टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं एक यंत्र होतं. वरून शिजलेले टोमॅटो टाकायचे, दांडा फिरवायचा. शंकूसारख्या जाळीतून एका बाजूने दाट रस, दुसऱ्या बाजूने साल आणि बी. तिने दांडा माझ्या हातात दिला. दिवसभर मी तो फिरवला. आम्हा दोघांत भाषा अशी नव्हतीच. ती काहीतरी बोलायची, मी "सी, सी" म्हणायचो, आणि ती हसायची, त्यावरून मी चुकीच्या जागी हो म्हणत असणार.

जाळीची भोकं सालींनी बुजत. तेव्हा म्हातारी एप्रनच्या खिशातून सायाळीचा काटा काढायची आणि एकेक भोक टोचून मोकळं करायची. तिच्या लेखी तो काटा म्हणजे टाचणी. मी निघताना तिने तिचं जुनं यंत्र मला दिलं, नवं तिच्या मुलीने आणलं होतं. आणि यंत्राच्या खोक्यात एक काटाही ठेवला. मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की आमच्याकडे हा घरात चालत नाही, भांडणं होतात. दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या. तिला वाटलं मी टोमॅटो ठेचायची खूण करतोय. तिने मान डोलावली आणि आणखी एक काटा घातला. तो मी तिथेच काढून ठेवला. पहिला राहू दिला. भोकं तर बुजणारच होती.

दिवाळीला सुटीवर आलो. विमानतळावर सामान तपासणाऱ्याने यंत्र बाहेर काढायला लावलं आणि दांडा फिरवून पाहिला. दारव्ह्याला पोहोचल्यावर मी जाहीर केलं की आज प्रात्यक्षिक होईल. प्रेक्षक तीन: दादा, वहिनी आणि शेजारच्या मॅडम.

या मॅडम म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दिग्रसकडच्या एका तांड्यावरच्या. आईवडिलांची शेती तिकडेच, घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलणारी माणसं. त्यांचे यजमान उमरखेडला एसटी डेपोत, आठवड्यातून एकदा येणार. मुलं शिकायला बाहेर. त्यामुळे एरवी त्या एकट्या, आणि त्यांना वहिनी आणि वहिनीला त्या. वहिनीच्या स्वयंपाकघराची खिडकी दोन घरांमधल्या बोळीत उघडते, समोरच मॅडमचं स्वयंपाकघर. खिडकीच्या जाळीला एक लहान झडप करून घेतली होती. तिच्यातून वाट्यांची ये-जा चाले. इकडून वरण, तिकडून झुणका. कुंपणाच्या भिंतीत दोघींनी मिळून एक फाटकही पाडून घेतलं होतं, कारण रस्त्याने फिरून जायला वेळ लागे आणि तेवढ्यात दूध उतू जाई.

मी यंत्र ओट्याला आवळलं. वहिनीने पाहिलं आणि म्हणाली, "हे तं रसवंतीचा चरक आहे."

"मग घुंगरू कुठं आहे?" दादा म्हणाला.

"दादा, हे उसाचं नाही. टोमॅटोचं आहे."

"मिक्सरनं काय होत नाही?"

"मिक्सरमध्ये बी वाटलं जातं. चव बिघडते."

"पन्नास वर्ष बी खाऊन राह्यलो. आज चव बिघडली."

मॅडम हसू दाबत होत्या. "करू द्या हो. एवढं उचलून आणलं त्यांनी."

मी दांडा फिरवला. पहिली चिळकांडी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली, दुसरी दादाच्या बनियनवर. मग रस यायचाच थांबला. भोकं बुजली होती. आता काटा हवा होता, आणि काटा माझ्या शर्टाच्या खिशात होता. वहिनी, मॅडम, दादा, तिघंही ओट्याला लागून उभे. मी म्हणालो, तुम्ही पुढच्या खोलीत बसा, चहा घ्या, मी बोलावतो. ते गेले. मी घाईघाईने काटा काढून भोकं टोचली. एवढ्यात वहिनीच्या पावलांचा आवाज आला. साखर हवी होती. मी हात वर केला आणि काटा खिडकीच्या चौकटीवरच्या पट्टीवर सरकवला.

पुढे रस भरपूर निघाला, सगळ्यांनी वाटीवाटीने चाखला, दादानेही मान्य केलं की बी नाही. काटा तिथेच राहिला. विसरलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे परतीच्या विमानात मला आठवलं होतं. वाटलं, तिथे वर कोण बघतंय.

संक्रांतीच्या आधी वहिनीने जाळ्या-खिडक्या पुसायला काढल्या, आणि मग तो कॉल आला.

त्या दिवसांत दादा-वहिनीचं बिनसलं होतं. दादा नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याला पुण्याला मुलाकडे राहायला जायचं होतं. वहिनीला जायचं नव्हतं. "तुम्ही जा, मी इथंच आहे," एवढ्या एका वाक्यावर घर अनेक आठवडे चाललं होतं. आणि आता वहिनीच्या हातात कारण होतं. कॅमेऱ्यात तिने काटा कागदात धरला होता, बोट न लावता.

"पाहा. म्हणूनच. मी म्हणते, आमच्या घरात एवढं काहून चालून राह्यलं!"

दादा तिच्या खांद्यावरून डोकावला. एरवी असल्या गोष्टींची खिल्ली उडवणारा माणूस, पण त्याच्याही चेहऱ्यावर सुटका झाल्याची खूण होती. "तूच सांग आता. तू जनावरांचा अभ्यास केला नं तिकडं. आहे का सायाळीचा?"

आणि मी, दोन काठ्यांचा वनस्पती-प्राणी-तज्ज्ञ, म्हणालो, "हो, सायाळीचाच. जंगलात गळून पडलेले सापडतात."

"आपल्या इथं कुठं आलं जंगल?" दादा म्हणाला.

वहिनीने काही क्षण खिडकीकडे पाहिलं. झडपीकडे. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडमच्या तांड्यावर येते सायाळ. भुईमूग उकरते. त्यांनीच सांगतलंतं मले."

माझ्याकडे त्या वेळी बोलायला वाक्य होतं. वहिनी, तो माझा आहे. एवढंच. पण आधी तज्ज्ञ होऊन बसलो होतो, मग लपवलं का ते सांगावं लागलं असतं, आणि मी अंधश्रद्धेला भ्यालो हेही. मी म्हणालो, "नेटवर्क जरा खराब आहे." नेटवर्क उत्तम होतं. म्हातारीच्या घरचं वायफाय होतं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. दादा-वहिनी दोघं मिळून यवतमाळला निघाले, वाटेत बोरी अरबच्या पुलावरून काटा नदीत सोडला, आणि पुढे जाऊन डोसा खाऊन परत आले. कित्येक महिन्यांत दोघं एकत्र बाहेर गेले नव्हते. पुण्याचा विषय बंद. दादा फोनवर आनंदाने म्हणाला, "गेली रे बला. घर शांत झालं." ज्या काट्याने घर फुटतं म्हणतात, त्याने यांचं जुळवलं होतं. मी ही सबब घट्ट धरून ठेवली. आता खरं सांगितलं तर यांचं पुन्हा बिघडेल, नाही का? मी स्वतःला फारच विचारी माणूस वाटायला लागलो.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडमला बोलावणं गेलं नाही. अख्ख्या कॉलनीच्या बायका येऊन गेल्या, तिळगूळ वाटला, आणि बोळीपलीकडच्या एका घराला तेवढं नाही. झडप बंद झाली. फाटकाला तार बांधली गेली. वहिनीने कुणाला कारण सांगितलं नाही, पण "तांड्यावरचे लोक, त्यांच्याकडं असते असलं" एवढं वाक्य कुणाकुणाच्या कानावर गेलं, आणि ते फिरत फिरत ग्रुपवरच्या एका मावशीकडून माझ्याही कानावर आलं. ते मी ऐकलं आणि त्या रविवारी चालायला गेलो.

मे महिन्यात इटलीचं काम संपलं. नागपूरला उतरायच्या आधी बायकोला फोनवर सगळं सांगितलं, कारण आता दारव्ह्याला जावं लागणार होतं आणि माझी झोप उडाली होती.

"म्हणजे एवढे महिने त्या बाईशी कोणी बोललंच नाही?"

"वहिनी बोलली असेल थोडं..."

"मी वहिनीचं नाही विचारून राह्यली. तुमचं विचारून राह्यली. आधी दारव्ह्याले जा. घरी मग या."

मी गेलो, पण थेट कबुली द्यायची माझी तयारी नव्हती. आधी आडवाटेने प्रयत्न केला. वहिनीला अंधश्रद्धेवर छोटं व्याख्यान दिलं. काट्यात केराटिन असतं, आपल्या नखात असतं तेच, त्याने भांडण कसं होईल? वहिनी पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "मग तुमचं नख कोणी माझ्या खिडकीत ठेवून गेलं, तं मी त्याले ओवाळू का?" मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "काट्यानं होते का नाही ते मले माहीत नाही. पण ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं? ते दुखते मले. बावीस वर्ष वाटी दिली मी त्या खिडकीतून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला रस्त्यावर गाठलं. शाळेला सुट्या होत्या, हातात भाजीची पिशवी होती.

"भाऊ, केव्हा आले? तुमची टोमॅटोची मशीन आठवते आम्हाले." मग आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "तुम्हाले एक विचारू? ताईले विचारून पाहा नं, माझं काय चुकलं."

मी काहीतरी पुटपुटलो.

"मी लय विचार केला. मले वाटते, संक्रांतीच्या आधी त्यांची स्टीलची वाटी मी रिकामीच परत केलती. घाईत होती. साखरेचा दाणाही नाही टाकला. मग मी डबाभर अनारसे केले, फाटकापाशी उभी राह्यली, आवाज दिला. त्या आल्या नाहीत." त्या हसल्या, पण ते हसणं नीट जमलं नाही. "एका वाटीसाठी कोणी एवढं धरते का? पण दुसरं काही सापडतच नाही मले."

"विचारतो," मी म्हणालो.

विचारतो! घरी परतताना हा शब्द मला इतका किळसवाणा वाटला की मी चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात गेलो. दादा चहा पीत होता, वहिनी कोथिंबीर निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. म्हातारी, जाळी, खिसा, पट्टी, विमान, निर्वाळा, सगळं.

दादा आधी खो खो हसला. "म्हणजे काटा इटलीचा? अन् आम्ही त्याले बोरीच्या नदीत टाकलं!" मग त्याने वहिनीकडे पाहिलं आणि त्याचं हसू आटलं. "मग आपण जे भांडून राह्यलो होतो ते..."

"ते आपणच," वहिनी म्हणाली. कोथिंबिरीची काडी तिच्या बोटांत तशीच होती. पुण्याची भीती मला होती, पण ती पुण्याबद्दल काही बोललीच नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, मी तुम्हाले विचारलं होतं. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"मी त्या बाईले हळदीकुंकवाले नाही बोलावलं. तिच्या तांड्याचं नाव काढलं मी चार बायकांत. अन् तुम्ही ऐकत होते." तिने पदराने डोळे पुसले, रागाने. "मी काय केलं ते मी पाहीन. माझं तोंड मी घेऊन जाईन. पण आधी तुम्ही जा. अन् फाटकातून नाही, समोरून जा."

मी समोरून गेलो. वाटेत भाषण जुळवलं. गैरसमज, परिस्थिती, दुर्दैवी योगायोग असे शब्द त्यात होते. मॅडम ओसरीत खुर्चीवर बसून वाल सोलत होत्या. त्यांनी दुसरी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"मॅडम, एक दुर्दैवी गैरसमज झाला आहे. परिस्थितीच अशी होती की..."

"भाऊ, तुम्ही पेपरात छापल्यासारखं काहून बोलून राह्यले? सरळ सांगा."

सरळ सांगितलं. काटा ऐकताच त्यांचा हात थांबला. नंतर म्हातारीने दुसरा काटा घातल्याचं ऐकून त्यांना हसू फुटलं. "विमानातून आली सायाळ! आमच्या वावरातली तं पायी येते बिचारी." मग मी वहिनीच्या कॉलपाशी आलो, आणि हसू गेलं.

"म्हणजे ताईले वाटलं मी ठेवला?"

"हो."

"मीच काहून? बोळीतून दूधवालाही जाते. मीटर पाहणारा जाते." त्यांनी मला उत्तर द्यायला वेळ दिला. मी दिलं नाही. मग त्यांनीच दिलं. "तांड्यावरची म्हणून."

मी मान खाली घातली.

"भाऊ, आमची याडी वावरातून तो काटा कोणाले घरी आणू देत नव्हती. याडी म्हणजे माझी आई. आम्ही लहान होतो, एकदा भावानं आणला तं तिनं त्याले दारातच उभं केलं, पाय धुवायले लावले. आम्हीही मानतो नं. तुमच्याएवढंच मानतो." त्या वालाच्या शेंगा परातीत ढकलत होत्या, सोलत नव्हत्या. "मी इकडं वाटीचा विचार करून करून अर्धी झाली. अन् तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

तेव्हा मला कळलं की यानंतर काटा, म्हातारी, नेटवर्क, दादा-वहिनीचं जुळणं, यातलं काहीही सांगण्यासारखं उरलं नाही. समोर बसलेल्या बाईला फक्त एक गोष्ट येणं होती आणि ती मी अजून दिली नव्हती. मी खाली पायरीवर बसलो. आणि जी भाषा इटलीत, त्याआधी पुण्यात, त्याआधी कॉलेजात बाजूला ठेवत आलो होतो, तीच तोंडात आली.

"मॅडम, तो काटा मी आणलता, मीच लपवलता. तुमचं नाव निघालं तवा मी चूप बसलो. तांड्याचं नाव निघालं तवाही चूप बसलो. वहिनी चुकली ती माझ्यामुळं, पण मले सगळं माहीत होतं, अन् माहीत असून मी बोललो नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मले माफ करा."